जर्सी सिटीचा जर्नल स्क्वेअर : लहान मूल आणि वयस्क सासूबाईंसह राहण्यासाठी ही वस्ती कशी आहे?

मेणवली

नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहत आहोत. येत्या मार्चपासून माझे काम मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला आणि माझ्या पतींचे नेवार्कला सुरू होत आहे. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मे महिन्यात सासूबाई वाईजवळच्या आमच्या गावाहून सहा महिन्यांसाठी येतील. त्यांचे वय ६९ आहे आणि गुडघे दुखतात, तरी सकाळी बाजारात आणि संध्याकाळी नदीच्या घाटावर गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

घर शोधताना माझ्या मनात सर्वांत आधी त्यांचाच विचार येतो, आणि त्याला कारण आहे. मागच्या खेपेस त्या टेक्सासला आल्या तेव्हा सर्वांत जवळचे किराणा दुकान साडेतीन मैलांवर होते आणि त्या रस्त्याला पदपथच नव्हता. आम्ही दोघे कामावर गेलो की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसत. एके दिवशी मी दुपारीच घरी परतले, तेव्हा त्या गॅरेजच्या दारापासून टपालपेटीपर्यंत फेऱ्या मारत होत्या. "जाऊन-येऊन ऐंशी पावलं भरतात," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी कधीही तक्रार केली नाही, परंतु सहा महिन्यांचा व्हिसा असूनही चौथ्या महिन्यात परतीचे तिकीट काढायला सांगितले.

नकाशावर पाहिले तर न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचा जर्नल स्क्वेअर आमच्या दोघांच्या कामाच्या ठिकाणांच्या मधोमध येतो, आणि तेथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर न्यूअर्क ॲव्हेन्यूवरची भारतीय दुकानांची पेठ आहे. पतींच्या मित्रमंडळींचा आग्रह मात्र न्यू जर्सीतल्याच एडिसन या उपनगराचा आहे. त्यांच्या मते शाळा तिकडे चांगल्या आहेत, घरे मोठी आहेत आणि मराठी माणसेही पुष्कळ आहेत. नदीकाठच्या न्यूपोर्टच्या इमारती पाहिल्या, पण त्यांची भाडी आम्हाला झेपणारी नाहीत. जे प्रत्यक्ष राहिले आहेत त्यांनी चांगले-वाईट दोन्ही मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

कोकणकडा

मी अकरा वर्षे जर्नल स्क्वेअरला राहतो आहे, त्यामुळे प्रवासाविषयी खात्रीने सांगू शकतो. पाथ रेल्वेची नेवार्क–वर्ल्ड ट्रेड सेंटर ही गाडी दिवसरात्र चालते आणि जर्नल स्क्वेअर तिच्या जवळपास मध्यावर आहे. तुम्हा दोघांपैकी कोणालाही गाडी बदलावी लागणार नाही आणि एकेका बाजूचा गाडीतला वेळ पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर राहील. मॅनहॅटनच्या मध्यभागी जाणारी तेहतिसाव्या रस्त्याची दुसरी गाडी जर्नल स्क्वेअरलाच सुरू होते, म्हणजे सकाळी बसायला जागा मिळते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रात्री उशिरा आणि शनिवार-रविवारी ही दुसरी गाडी कित्येक वर्षे होबोकनला वळसा घालून जात आली आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी बाहेर पडण्यापूर्वी वेळापत्रक पाहत जा. दुसरे म्हणजे पाथचे तिकीट वेगळे आणि न्यूयॉर्कच्या सबवेचे वेगळे. पाथचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये ३ डॉलर झाले, आणि पुढे सबवे घ्यावी लागली तर तेथे पुन्हा पूर्ण पैसे मोजावे लागतात. तुमचे कार्यालय वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून चालत जाण्याइतके असेल तर हा प्रश्नच येत नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. जर्नल स्क्वेअर, ग्रोव्ह स्ट्रीट, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि तेहतिसावा रस्ता या स्थानकांवर लिफ्ट आहे. ख्रिस्तोफर स्ट्रीट, नववा, चौदावा आणि तेविसावा रस्ता या चार जुन्या स्थानकांवर ती नाही. जर्नल स्क्वेअरचे फलाट टेकडी फोडून केलेल्या खोल चरात आहेत आणि वर येण्याचे सरकते जिने लांबलचक आहेत. ते बंद पडले की लहान मुलाची गाडी घेऊन चढणारी माणसे अक्षरशः घामाघूम होतात, म्हणून पहिल्याच दिवशी लिफ्ट कोणत्या टोकाला आहे ते बघून ठेवा.

आता उणी बाजू. स्थानकावरच बसचे मोठे आगार आहे. कडाक्याच्या थंडीत बेघर माणसे तेथे आसऱ्याला येतात, काही जण मोठ्याने बोलतात, काही पैसे मागतात. अकरा वर्षांत मला कोणी हातही लावलेला नाही, पण रात्री दहानंतर माझी पत्नी गजबजलेल्या रस्त्यानेच घरी येते, आडगल्लीने येत नाही. शिवाय गेल्या दहा वर्षांत स्थानकाभोवती पन्नास-साठ मजल्यांचे मनोरे उठले आहेत आणि अजून उठत आहेत. ज्या इमारतीत घर घ्याल तिच्या शेजारचा भूखंड मोकळा असेल, तर पुढची तीन वर्षे सकाळी सात वाजता यंत्रांच्या आवाजाने जाग येईल असे धरून चाला.

ओवरी

मेणवलीताई, मी एडिसनला चौदा वर्षे राहते आणि आधी चार वर्षे जर्सी सिटीत काढली आहेत, म्हणून माझे मत थोडे वेगळे आहे. आत्ता तुमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, पण सहा-सात वर्षांची होईल तेव्हा शाळेचा प्रश्न इतका मोठा होईल की इतर सारे हिशेब मागे पडतील. जर्सी सिटीच्या सरकारी शाळांचा कारभार १९८९ मध्ये राज्याने स्वतःच्या ताब्यात घेतला होता आणि तो स्थानिक मंडळाकडे पूर्णपणे परत यायला २०२२ साल उजाडले. तेहतीस वर्षे ही काही थोडी नव्हेत. तिथे सगळ्याच शाळा वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. मॅकनेअर ही प्रवेश-निवडीची माध्यमिक शाळा राज्यातल्या उत्तम शाळांत गणली जाते, पण तिथे पोचेपर्यंतचा सारा रस्ता तुमच्या पत्त्यावर अवलंबून असतो.

आमच्याकडे भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर सगळे मिळते, मेट्रोपार्क स्थानकाहून नेवार्कला थेट गाडी आहे आणि तुम्हाला नेवार्कला पाथमध्ये बदलता येईल. मुलांच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात आणि मराठी विश्व या मंडळाचे बरेच कार्यक्रम आमच्या बाजूला होत असल्याने लहानपणापासून मुलांच्या कानावर भाषा पडते. माझ्या मुलाने शाळेच्या गणेशोत्सवात अथर्वशीर्ष म्हटले, ते केवळ आजूबाजूला म्हणणारी मुले होती म्हणून.

मेणवली

ओवरीताई, तुम्ही इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल आभार. एक प्रश्न मनापासून विचारते. तुमच्याकडे आई किंवा सासूबाई येतात, तेव्हा तुम्ही कामावर असताना त्या दिवसभर काय करतात?

ओवरी

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर प्रांजळपणे देते. माझी आई दोनदा आली. आमचे घर ओक ट्री रोडपासून गाडीने सात मिनिटांवर आहे. चालत जायचे तर पाऊण तासाहून अधिक लागतो आणि मध्ये एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो. आई घरीच असायची. शेजारी दोन गुजराती आजी होत्या, त्यांच्याबरोबर ती कॉलनीत फिरायची, म्हणून तिचे बरे चालले. त्या आजी ज्या वर्षी नव्हत्या, त्या वर्षी तिला फार जड गेले. ओक ट्री रोडला अगदी लागून घर मिळाले तर गोष्ट वेगळी, पण तशी भाड्याची घरे थोडी असतात.

शेवंती

मी या भागात १९८९ पासून राहते, मुले इथेच वाढली. जागेचा विचार करताना तिचा इतिहास ठाऊक असावा, असे मला वाटते.

आज न्यूअर्क ॲव्हेन्यूवर टॉनेली ॲव्हेन्यू आणि केनेडी बुलेवार्ड यांच्या मधल्या तुकड्याला सगळे इंडिया स्क्वेअर म्हणतात. नवरात्रात तिथे रस्ता बंद करून गरबा होतो आणि परराज्यांतून माणसे येतात. पण मी आले त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८७ मध्ये, याच शहरात स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळीने भारतीयांना हुसकावून लावण्याची धमकी देणारे पत्र इथल्या वर्तमानपत्राकडे पाठवले होते आणि ते छापून आले होते. 'डॉट' म्हणजे आपल्या कपाळावरची टिकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला जमावाने इतके मारले की तो त्यातून उठला नाही, आणि त्याच सुमारास जर्सी सिटीत डॉक्टर कौशल शरण यांना मारहाण झाली. मी आले तेव्हा बायका कुंकू पर्समध्ये ठेवत आणि घरात शिरल्यावर लावत. मीही तसेच केले आहे. दुकानदारांनी दुकाने बंद केली नाहीत, माणसांनी मोर्चे काढले आणि १९९० मध्ये राज्याने द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्ध कायदा केला. हा रस्ता आपल्याला मिळालेला नाही, तो तिथे टिकून राहिलेल्या माणसांनी मिळवलेला आहे, आणि तिथून कढीपत्ता आणताना मला अजूनही त्याची आठवण होते.

आता तुमच्या सासूबाईंसाठी. दुकाने बहुतेक गुजराती आणि दाक्षिणात्य आहेत. गवार, तोंडली, ओला नारळ, ज्वारी-बाजरीचे पीठ हे सारे मिळते. गोडा मसाला मात्र घरून आणलेलाच बरा. भाजीवाल्याकडे हिंदी पुरते. माझ्या सासूबाई हयात होत्या तेव्हा रोज दहा वाजता पिशवी घेऊन निघत, दोन दुकानांत भाव विचारत, देवळात टेकत आणि साडेअकराला परत येत. त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हते. एकदा त्या पाऊण तास उशिरा आल्या तेव्हा मी घाबरून खाली उतरले, तर त्या कोपऱ्यावर एका इजिप्शियन बाईशी खुणांनी बोलत उभ्या होत्या आणि दोघींच्या हातात एकाच जातीची भेंडी होती. इथे इजिप्तहून आलेल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. उत्तर अमेरिकेतले पहिले कॉप्टिक चर्च याच शहरात उभे राहिले. फिलिपिनो आणि लॅटिन अमेरिकन कुटुंबेही पुष्कळ आहेत. ही एकट्या भारतीयांची वस्ती समजून येऊ नका, म्हणजे शेजार लवकर जुळेल.

पाणवठा

घराच्या प्रकाराविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सविस्तर लिहितो, कारण जर्नल स्क्वेअरमध्ये वस्ती चांगली की वाईट यापेक्षा इमारत कोणती यावर तुमचे दैनंदिन जीवन जास्त ठरते. येथे ढोबळमानाने तीन प्रकारची घरे भाड्याने मिळतात.

पहिला प्रकार म्हणजे दोन-तीन कुटुंबांची लाकडी घरे, ज्यांत बहुधा मालक खाली राहतो आणि वरचे मजले भाड्याने देतो. जागा मोठी आणि भाडे कमी असते, पण जिने अरुंद आणि उभे असतात, कपडे धुण्याचे यंत्र अनेकदा नसते आणि कायद्याचे संरक्षण सर्वांत तोकडे असते. न्यू जर्सीत १९७४ पासून असा कायदा आहे की सबळ कारण असल्याशिवाय घरमालक भाडेकरूला काढू शकत नाही आणि भाडेकरार संपला हे पुरेसे कारण नव्हे. परंतु मालक स्वतः राहत असलेल्या दोन-तीन कुटुंबांच्या घराला हा कायदा लागू नाही. शहराचे भाडेनियंत्रणही पाच किंवा अधिक सदनिकांच्या इमारतींनाच लागू आहे.

दुसरा प्रकार म्हणजे नवे मनोरे. लिफ्ट, दारवान, कपडे धुण्याची यंत्रे, सारे काही असते. सबळ कारणाचा कायदा तेथे लागू आहे, पण नव्या बांधकामांना तीस वर्षांपर्यंत भाडेनियंत्रणातून सूट मिळू शकते. पहिल्या वर्षी दोन महिने फुकट म्हणून जी सवलत देतात ती धरून भाडे कमी दिसते, आणि भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या वेळी खरा आकडा समोर येतो. माझ्या मित्राला एकाच वर्षात चारशे डॉलरची वाढ आली आणि मुलीची शाळा अर्धी सोडून घर बदलावे लागले.

तिसरा प्रकार जाहिरातींत सर्वांत कमी दिसतो आणि तुमच्यासाठी तोच मला योग्य वाटतो. केनेडी बुलेवार्डवर आणि आसपासच्या रस्त्यांवर गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चार-सहा मजली विटांच्या इमारती आहेत. त्यांतल्या काहींना लिफ्ट आहे. पाच किंवा अधिक सदनिका असल्याने भाडेवाढ वर्षाला चार टक्के किंवा महागाई निर्देशांकातली वाढ यांपैकी जी कमी असेल तिच्यापुरती मर्यादित राहते, आणि सबळ कारणाचा कायदाही लागू असतो. घरे जुनी असतात, स्वयंपाकघर लहान असते, रेडिएटर रात्री ठोकल्यासारखा वाजतो. पण भिंती जाड असतात आणि शेजारी वर्षानुवर्षे तेच राहतात.

अनामत रक्कम दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत ती हिशेबासह परत करावी लागते. माझ्या पहिल्या घरमालकाने ती चार महिने अडवून ठेवली होती आणि मला हा नियम ठाऊक नसल्याने मी निमूटपणे अर्ध्या रकमेवर तडजोड केली. म्हणून ताबा घेतानाच प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून मालकाला ईमेलने पाठवा.

मेणवली

पाणवठा, हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. दलालाने आम्हाला पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचीच घरे दाखवली होती. लाकडी घराचा दुसरा मजला २,६०० डॉलरला आणि मनोऱ्यातली दोन शयनगृहांची सदनिका ४,१०० डॉलरला. लाकडी घराच्या जिन्याला सोळा उभ्या पायऱ्या होत्या आणि कठडा एकाच बाजूला होता. व्हिडिओवर तो जिना पाहूनच मी नकार दिला.

आणखी तीन शंका आहेत. मुलीला सप्टेंबरमध्ये कुठे घालावे? जुन्या घरांत थंडीचे आणि रंगातल्या शिशाचे काय? आणि नदी जवळ असल्याने पुराची भीती कितपत आहे?

कोकणकडा

शाळेपासून सुरुवात करतो. जर्सी सिटीत तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाचे सरकारी बालवर्ग विनाशुल्क आहेत, आणि न्यू जर्सीतल्या बहुसंख्य सधन उपनगरांत तीन वर्षांच्या मुलासाठी अशी सोय नाही. खासगी पाळणाघराचे मासिक शुल्क तुम्ही टेक्सासमध्ये भरत असालच, तेव्हा किती बचत होईल याचा हिशेब करून पाहा. मात्र जागा घराजवळच्याच शाळेत मिळेल असे नाही. पुष्कळ मुलांना शालेय जिल्ह्याशी, म्हणजे शहराच्या शाळा-मंडळाशी, करार केलेल्या खासगी केंद्रांत पाठवले जाते. आमचा मुलगा असाच एका केंद्रात गेला आणि तिथल्या शिक्षिका फार मायाळू होत्या. अर्ज लवकर करा. पाच वर्षांनंतरची शाळा पत्त्यावर ठरते, म्हणून भाडेकरारावर सही करण्यापूर्वी तो पत्ता कोणत्या शाळेत येतो हे शालेय जिल्ह्याकडे विचारून घ्या. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन शाळांत असू शकतात.

थंडीबाबत राज्याचा नियम स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर ते १ मे या काळात सकाळी सहा ते रात्री अकरा घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस, आणि इतर वेळी ६५ अंश तापमान राखणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. शयनगृहात साधा तापमापक ठेवा आणि कमी भरले तर तारीख-वेळेसह त्याचे छायाचित्र काढून ठेवा. आमच्या इमारतीत एका जानेवारीत बॉयलर नऊ दिवस बंद होता. अकरा घरांनी मिळून अशी छायाचित्रे शहराकडे दिली तेव्हा कुठे तो दुरुस्त झाला. शिशाबाबत, १९७८ पूर्वीच्या बऱ्याच भाड्याच्या घरांची तपासणी २०२२ पासून राज्यात सक्तीची आहे, तेव्हा तिचे प्रमाणपत्र मागा. लहान मूल असताना ते मागायला संकोच करू नका.

शेवंती

पुराविषयी मी पाहिलेले सांगते. २०१२ च्या सँडी वादळात नदीकाठच्या होबोकन आणि एक्सचेंज प्लेस स्थानकांत पाणी शिरले आणि पाथची सेवा कित्येक आठवडे विस्कळीत होती. जर्नल स्क्वेअर पॅलिसेड्सच्या टेकडीवर असल्याने आमच्या रस्त्यावर समुद्राचे पाणी आले नाही. वीज मात्र गेली होती. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये इडा वादळाचा पाऊस काही तासांत कोसळला तेव्हा टेकडीवरच्याही काही तळघरांत पाणी भरले, कारण इथे पावसाचे आणि सांडपाण्याचे नाले बऱ्याच भागात एकच आहेत आणि ते तुंबले की पाणी तळघराच्या मोरीतून उलटे वर येते. तळघरातले घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. २०२४ पासून घरमालकाने पुराचा धोका भाडेकरूला लेखी कळवणे बंधनकारक आहे, तोही कागद मागून घ्या.

ओवरी

वरचे सगळे वाचून मी माझे मत थोडे बदलते. भाड्याने दोन-तीन वर्षे राहायचे असेल आणि सासूबाई दरवर्षी येणार असतील, तर जर्नल स्क्वेअर तुम्हाला मानवेल. तिथे घर विकत घेण्याआधी मात्र मालमत्ता कराचा नीट अभ्यास करा. २०१८ मध्ये तीस वर्षांनी पहिल्यांदा फेरमूल्यांकन झाले तेव्हा अनेकांचे कर एकदम वाढले, आणि त्याच सुमारास राज्याचे शाळांसाठीचे अनुदान टप्प्याटप्प्याने घटू लागल्याने तो भारही स्थानिक करावर आला. आम्ही त्याच्या आधीच जर्सी सिटी सोडली, त्यामागे पुढे कर असे वाढतील हीच धास्ती होती. आणि मराठीसाठी शनिवारी आमच्याकडे येण्याची तयारी ठेवा. मुलीला मराठीतून भांडणाऱ्या मैत्रिणी हव्यात.

पाणवठा

ओवरीताईंच्या कराच्या मुद्द्याला एक जोड देतो. मेणवली यांचे काम न्यूयॉर्कमध्ये असल्याने त्यांना न्यूयॉर्क राज्याचा आयकर भरावाच लागेल आणि न्यू जर्सीच्या करात त्याचे श्रेय (क्रेडिट) मिळेल, म्हणजे दोन विवरणपत्रे भरावी लागतील. परंतु न्यूयॉर्क शहराचा रहिवाशांवरचा वेगळा आयकर, जो उत्पन्नानुसार तीन ते चार टक्क्यांच्या दरम्यान असतो, तो शहराबाहेर राहणाऱ्यांना लागत नाही. न्यूयॉर्क शहरातला क्वीन्स आणि जर्नल स्क्वेअर यांची तुलना करणाऱ्यांनी केवळ भाड्याचे आकडे शेजारी मांडू नयेत.

मेणवली

सर्वांना कळवायचे राहिले होते. आम्ही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस जाऊन आलो. मुद्दाम थंडीत गेलो, आणि मुद्दाम कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता स्थानकातून बाहेर पडून प्रत्येक घरापर्यंत चालत गेलो.

पाणवठा यांनी सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या चार इमारती पाहिल्या. त्यांपैकी दोन घरे मिळण्यासारखी होती. एकीची लिफ्ट बंद होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितले की ती ऑगस्टपासून बंदच आहे, म्हणून ती सोडली. दुसरी पाच मजल्यांची आहे, स्थानकापासून माझ्या पावलांनी अकरा मिनिटांवर आणि भारतीय दुकानांपासून सात. लिफ्ट जुनी आहे, तिचे पितळी दार हाताने ओढावे लागते. आम्ही तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन ती चालवून पाहिली. भाडे २,९५० डॉलर आहे. स्वयंपाकघरात दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही, आणि मुलीची खोली आतल्या चौकाकडे उघडते त्यामुळे तिथे ऊन येत नाही. शिशाच्या तपासणीचे प्रमाणपत्र मागितल्यावर व्यवस्थापकांनी दुसऱ्याच दिवशी पाठवले. तो पत्ता ज्या शाळेत येतो तिथल्या कार्यालयातही जाऊन आलो. शाळेविषयी ओवरीताईंची काळजी मला आजही खरी वाटते. मुलगी दुसरीत जाईपर्यंत इथे राहायचे आणि तेव्हा पुन्हा विचार करायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

भाडेकरारावर परवा सही केली.

जानेवारीत गेलो होतो तेव्हाच तिथून सासूबाईंना व्हिडिओवर रस्ता दाखवला. भाजीच्या दुकानाबाहेर मांडलेली तोंडली त्यांनी जवळून दाखवायला सांगितली आणि ती जून आहेत असे म्हणाल्या. मग त्यांनी एकच विचारले, "हा मोठा रस्ता ओलांडायला दिवा किती वेळ थांबतो?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. केनेडी बुलेवार्ड चांगलाच रुंद आहे आणि गाड्या वेगाने वळतात. २०२२ मध्ये जर्सी सिटीच्या अखत्यारीतल्या रस्त्यांवर अपघातात एकही मृत्यू झाला नाही, ही बातमी मी कौतुकाने वाचली होती, पण हा बुलेवार्ड शहराचा नसून काउंटीचा, म्हणजे शहराहून मोठ्या जिल्ह्याचा, आहे आणि त्या हिशेबात धरलेला नाही, हे मला नंतर समजले. मी तिथेच उभी राहून तीनदा मोजले. पादचाऱ्यांचा दिवा सव्वीस सेकंद राहिला. मला ओलांडायला बारा लागले. मग सासूबाई जशा चालतात तशी, प्रत्येक पावलावर थांबत गेले, तेव्हा तेवीस लागले.

आमच्या इमारतीसमोरच्या त्या चौकात मध्ये थांबायला दुभाजक नाही. कोकणकडा किंवा शेवंतीताई, उत्तरेला पुढच्या चौकात तो आहे का, आणि हिवाळ्यात पदपथाच्या उतारावरचा बर्फ तिथे वेळेवर काढतात का, हे जाता-येता पाहून कळवाल का? त्या मे महिन्यात येणार आहेत, पण नोव्हेंबरपर्यंत राहतील आणि या वेळी तिकीट आधी काढायला सांगणार नाहीत, अशी मला फार आशा आहे.

शेवंती

उद्या सकाळी देवळात जाताना तिकडूनच जाईन आणि मोजून कळवते. माझेही गुडघे आता तुमच्या सासूबाईंच्या वयाचे आहेत.